स्वतःतर्फे हजर

वकिलाच्या डायरीची शेवटची पाने दुसऱ्याने वाचावयाची नसतात. पुढच्या पानांवर तारखा, दाव्यांचे क्रमांक, पक्षकारांची नावे आणि ‘कारण’ या रकान्यात ‘कैफियत’, ‘पुरावा’, ‘युक्तिवाद’ असले त्रोटक शब्द असतात, व ते कोणीही पाहावेत. मागची पाने मात्र ज्याची त्याची खासगी. 2024 सालच्या दिवाळीच्या सुटीपूर्वी बेलापूरच्या न्यायालयातील एका दरखास्तीची पुढची तारीख मला आठवेना, म्हणून मी माझ्या ज्युनिअर मुलीची डायरी तिला विचारूनच उघडली, आणि बोट नको त्या पानावर पडले. तेथे बारीक, सरळ अक्षरांत हिशेब मांडला होता: नकलेच्या अर्जाची तिकिटे, झेरॉक्स, टायपिंग, वकीलपत्रावर लावावयाचे वेल्फेअर फंडाचे तिकीट. चार महिन्यांची बेरीज साडेसहा हजारांच्या घरात गेली होती. तिच्यापुढे ‘सरांकडून येणे’ असे लिहिले होते, आणि मग ते दोन शब्द एका सरळ रेघेने खोडले होते.

उलटतपासात माझा साक्षीदार अनेकदा तोंडघशी पडला आहे, पण त्या रेघेने मला जितके ओशाळे केले तितके कोणी केले नव्हते.

मी तिला काहीच देत नव्हतो असे नाही. दरमहा सहा हजार रुपये देत होतो, आणि ते देताना आपल्या औदार्याविषयी मनात थोडी गोड भावनाही असे, हे कबूल केले पाहिजे. कारण माझ्यासमोर तुलनेला माझीच उमेदवारी होती. मला सनद मिळाली 1989 मध्ये. राहणे वाशीला आणि काम ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. वाशीला रेल्वे यावयास अद्याप तीन वर्षे होती, आणि ठाण्याहून वाशीची लोकल सुरू झाली ती तर थेट 2004 मध्ये. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बसमध्ये, पाळीवर निघालेल्या कामगारांच्या गर्दीत, काळा कोट घडी करून छातीशी धरून मी उभ्याने प्रवास करीत असे. ज्या साहेबांच्या हाताखाली मी होतो त्यांच्याकडे भूसंपादनाची कामे पुष्कळ. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या, आणि सरकारी निवाड्यातील मोबदला तुटपुंजा म्हणून 1894 च्या कायद्याच्या कलम 18 खाली वाढीव नुकसानभरपाईचे अर्ज वर्षानुवर्षे चालत. सातबारे, फेरफार, शेजारच्या जमिनींची खरेदीखते यांचे गठ्ठे लावणे आणि त्यांतील आकडे उतरून काढणे हे माझे काम. या शेतकऱ्यांचा लढा ज्यांनी उभा केला ते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. 1984 च्या जानेवारीत त्या लढ्यात पाच जण गोळीबारात बळी पडले, त्याच्या आठवणी व्हरांड्यात तारखेची वाट पाहणारे म्हातारे दबक्या आवाजात सांगत. ज्यांचे म्हणणे मांडावयास कोणी नाही त्यांच्यासाठी उभे राहणे ही आपल्या व्यवसायाची थोरवी, हे मी त्या गठ्ठ्यांपाशी बसून शिकलो. पण गठ्ठे बांधणाऱ्याचे म्हणणे कोणी मांडावयाचे, हा प्रश्न मला माझ्या स्वतःसंबंधीसुद्धा सुचला नाही. पुकारा झाला की ‘साहेबांतर्फे हजर’ म्हणावयाचे, मुदतीचा अर्ज पुढे करावयाचा, न्यायाधीशांनी ‘साहेब कोठे आहेत?’ असे विचारले की ‘दुसऱ्या कोर्टात आहेत’ असे सांगावयाचे, मग ते कोठेही असोत. दोन वर्षांत दोन दिवाळ्या आल्या, तेवढीच दोन पाकिटे मिळाली.

योगायोग असा की मी ती डायरी पाहिली त्याच वर्षी, 2024 च्या ऑक्टोबरच्या 15 तारखेला बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक परिपत्रक काढले होते: शहरी भागातील ज्युनिअर वकिलांस दरमहा किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये विद्यावेतन द्यावे. परिपत्रक शिफारशीचे, सक्तीचे नव्हे. तेव्हा आमच्या बाररूममध्ये त्याचे वाचन झाले, चहा झाला, आणि विषय संपला. मी मात्र डायरीतील रक्कम चुकती केली, तिचे मानधन वाढविले (वीस हजारांपर्यंत नव्हे, हेही सांगून टाकतो), आणि यापुढच्या प्रत्येक वकीलपत्रावर माझ्या नावाखाली तिचेही नाव घालावयाचे ठरविले. पैशाबद्दल तिने नुसते ‘थँक्यू सर’ म्हटले. वकीलपत्रावरचे नाव मात्र ती बराच वेळ पाहत राहिली.

पुढील वर्षीच्या मे महिन्याच्या 20 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. निकाल योग्यच आहे, असे माझे मत. ज्याने कधी पक्षकाराचा घाबरलेला चेहरा पाहिला नाही त्याने न्यायासनावर बसू नये. पण ही तीन वर्षे जगावयाचे कशावर, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार झाला. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वकीलमंडळींची सभा भरली तेव्हा मी एक ठराव मांडला. त्याचे कलम पहिले असे की ज्युनिअरने कामासाठी केलेला खर्च सीनिअरने महिनाअखेर चुकता करावा. दुसरे असे की कार्यकारिणीत दोन जागा पाच वर्षांहून कमी वकिली झालेल्यांसाठी राखून ठेवाव्यात.

पहिल्या कलमावर ‘आम्हांला कोणी दिले होते?’ हा अपेक्षित प्रश्न आलाच. एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी मात्र अधिक प्रामाणिक आक्षेप घेतला: तालुका कोर्टात काम करणाऱ्या कित्येक सीनिअरांच्याच हातात महिन्याला वीस हजार पडत नाहीत, ते देणार कोठून? यावर माझ्यापाशी पुरेसे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. तामिळनाडू, केरळ, आंध्र यांसारख्या राज्यांनी सरकारी मदतीचा मार्ग धरला तो याच अडचणीपायी. तरी कुरकुरत का होईना, ते कलम मंजूर झाले. खरी खडाजंगी दुसऱ्यावर झाली. पैसे द्यावयास ना नाही म्हणणारी मंडळी खुर्ची द्यावयाची म्हणताच उभी राहिली. अनुभवाशिवाय प्रतिनिधित्व कसले, असा सूर निघाला, आणि त्याला आधारही भक्कम होता: 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 3 अन्वये राज्य बार कौन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्यांपैकी जवळजवळ निम्मे निदान दहा वर्षे सनद असलेलेच हवेत, म्हणजे ज्येष्ठांसाठी जागा कायद्यानेच राखल्या आहेत, कनिष्ठांसाठी त्याच कलमात अवाक्षर नाही. मी हे निदर्शनास आणले तेव्हा कोणीतरी मागून म्हणाले, ‘कायदेमंडळाने विचार करूनच केले असेल.’ वकिलाला निरुत्तर करावयास याहून नामी वाक्य नाही.

मग मी तिला बोलावयास सांगितले. ती मागच्या रांगेत, भिंतीला टेकून ठेवलेल्या छत्र्यांपाशी उभी होती, कारण बसावयास जागा उरली नव्हती. सवयीने ती म्हणाली, ‘सरांतर्फे हजर,’ आणि सारी सभा हसली. तीही हसली, मग खाली न पाहता म्हणाली, ‘स्वतःतर्फे.’ त्यानंतर ती चार-पाच मिनिटे बोलली. ती म्हणाली की उरणची लोकल 2024 च्या जानेवारीत सुरू झाली म्हणून तिला येणे परवडते, तिच्या वर्गातील दोघींना परवडले नाही, त्या आता खाजगी कंपनीत आहेत. आणि ज्या मुलांचे वडील वकील आहेत त्यांना मात्र हा प्रश्नच पडत नाही, तेव्हा दहा वर्षांनी या सभेत कोण बसलेले असेल ते आजच ठरते आहे. आवाज कापत होता, मुद्दा कापत नव्हता. समोरच्या रांगेतील वकिलांच्या मुलांपैकी एकाने मान खाली घातलेली मी पाहिली. पुढे कार्यकारिणीतल्या जागांसाठी सह्या गोळा करण्यास पहिला तोच आला.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले, विषय महत्त्वाचा असल्याचे मान्य केले, आणि दुसरे कलम पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवले. जिन्यावरून उतरताना तिने डायरी उघडली. मला वाटले, उद्याचा बोर्ड पाहते आहे. पण तिने पुढील सभेच्या तारखेचे पान काढले, क्रमांकाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली, पक्षकाराच्या जागी स्वतःचे नाव घातले, आणि ‘कारण’ या रकान्यात लिहिले: ‘युक्तिवाद, उर्वरित.’