रिपोर्टातली खालची ओळ

सुरत, लिंबायत

प्रिय मंदा,

तुझ्या लघवीच्या रिपोर्टचा फोटो मोठा करून नीट पाहिला. 'पस सेल्स ८-१०' वाचून तू घाबरलीस, कारण शेजारी ०-५ छापलंय. पण खालची ओळ वाच गं : एपिथेलियल सेल्स १५-२०. या पेशी बहुतेक बाहेरच्या त्वचेवरून नमुन्यात उतरतात. इतक्या दिसल्या की लॅबमध्ये मी आधी विचारते, नमुना धरला कसा? नायट्राइटही निगेटिव्ह आहे. अर्थात तेवढ्यावरून इन्फेक्शन नाहीच असं म्हणता येत नाही, काही जंतू ते तयारच करत नाहीत.

तेव्हा नमुना पुन्हा दे. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली डबीत धर आणि तासाभरात पोचव, नाहीतर फ्रिजमध्ये ठेव. आमच्याकडे बायका पहाटे धरलेली डबी पिशवीत टाकतात, स्वयंपाक, मुलांची शाळा उरकून दुपारी आणतात. सुरतच्या मे महिन्यात तोवर डबीत जंतूंची नुसती बजबजपुरी!

या बायका आपल्याच खानदेशातल्या. कुणी घरी साड्यांना टिकी-लेस लावते, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात दिवसभर उभी. संडास लांब, अस्वच्छ; म्हणून पाणीच पीत नाहीत, लागली तरी दाबून धरतात. करोडोंचं कापड विकणाऱ्या बाजारात बाईला धड जागा मिळू नये, याचा मला फार राग येतो. जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणून धण्याचं पाणी पितात. पाणी पोटात जातं ते बरंच. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या झाल्या, तर मूत्रपिंडाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

तुला जळजळ नाही, ताप नाही. मग वहिनींकडच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नकोस. लक्षणं नसतील तर लघवीत जंतू सापडूनही सहसा औषध देत नाहीत. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. त्रास सुरू झालाच तर आधी कल्चरला नमुना दे, मग गोळी. दोन-तीन दिवस लागतात, पण जंतू कुठला (बहुतेकदा ई. कोलाय) आणि कुठल्या औषधाला दबतो, ते कळतं. आधीच गोळी पोटात गेली, तर कल्चरमध्ये तो वाढेलच असं नाही.

मस्कतच्या उन्हात पाणी पीत जा. नवा रिपोर्ट आला की पूर्ण पाठव, नुसती लाल खुणेची ओळ नको.

तुझी,
शोभा