वाऱ्याचा वेग आणि घरचा कॉम्प्युटर

लातूरच्या एका क्लासच्या मराठी माध्यमाच्या सराव प्रश्नपत्रिका मी नांदेडला घरी बसून तयार करते. नीट परीक्षा २०१७पासून मराठीतूनही देता येते, त्यामुळे असं काम मिळतं. लोहा-अहमदपूरमार्गे एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, म्हणून सगळा व्यवहार फायलींवरच.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि माझ्या डेस्कटॉपचा प्रश्न उभा राहिला. त्याचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. दुकानदार म्हणाले, "ताई, नवा लॅपटॉप घेऊन टाका, विंडोज सोबतच येतंय. विषय संपला." परीक्षेच्या तोंडावर मशीन बदलायचं, तर माझ्यासाठी विषय इतक्यात संपणारा नव्हता.

लॅपटॉप की डेस्कटॉप, हे मात्र लाईटने ठरवलं. उन्हाळ्यात भरदुपारी लाईट गेली की डेस्कटॉपचा यूपीएस जेमतेम फाईल सेव्ह करून मशीन बंद करू देतो. लॅपटॉपवर काम चालू राहतं. फक्त राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉप चालू आणि नेट बंद!

ऑपरेटिंग सिस्टीमचा निर्णय अवघड होता. मी लिनक्स मिंट २२ पेनड्राइव्हवर घेतलं आणि काहीही इन्स्टॉल न करता जुन्या डेस्कटॉपवर चालवून पाहिलं. पहिला शब्द टाईप केला 'वाऱ्याचा'. भौतिकशास्त्रात वाऱ्याचा वेग पदोपदी येतो, आणि तो 'ऱ्या' नीट उमटला नाही तर ते मशीन माझ्या उपयोगाचं नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. अक्षर अचूक उमटलं. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी केल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. मला फार बरं वाटलं. या आवृत्तीला २०२९पर्यंत सुरक्षेची अपडेट आहेत आणि पैसा लागत नाही.

मग क्लासची जुनी प्रश्नपेढी उघडली. बरीचशी पेजमेकरमधली, कृतिदेवसारख्या फॉन्टमधली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तरी आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची ती अजून सुटलेली नाही. अशा फॉन्टमध्ये 'क' हा खरा 'क' नसतोच. फाईलमध्ये इंग्रजी 'डी' असतो आणि फॉन्ट त्याला 'क'चं रूप देतो. फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी कचरा दिसतो. लिब्रेऑफिसमध्ये त्या फायली उघडल्या, पण पानाची मांडणी विस्कटली; आकृती एका प्रश्नाची आणि पर्याय भलत्याच प्रश्नाजवळ. विद्यार्थ्याच्या हाती असा कागद जाऊ देणं मला मान्य नाही.

म्हणून विंडोज ११चा लॅपटॉप घेतला, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा. जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. आता नवा मजकूर आणि मुद्रितशोधन तिथेच होतं, आणि ते मशीन पूर्वीपेक्षा चपळ चालतं. जिचं काम फक्त ब्राउझर, ईमेल आणि युनिकोड मराठीत आहे तिने नव्या लॅपटॉपवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आधी काम देणाऱ्याकडून एक जुनी फाईल मागून घ्या आणि ती उघडून बघा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचीही अशीच उलटापालट. त्यामुळे बदललेली ओळन् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. जुन्या पेढीचं हे काम वेळखाऊ आहे, ते सावकाश होऊ द्या. पण लातूर-नांदेडच्या क्लासचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: यापुढचा प्रत्येक नवा प्रश्न तरी युनिकोडमध्येच टाईप करून घ्या. तुमचं काम घरून करणाऱ्या मुलींना मग स्वस्तातलं जुनं मशीनही पुरेल.