सूच्यांचे ओझे

शोधणाऱ्याचे श्रम वाचवण्यासाठी माणसाने ज्या युक्त्या काढल्या, त्यांत सूचीचा मान मोठा. आमच्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. अशा गावात वाढलेल्या माणसाला सूची म्हणजे केवळ उपकार वाटावा, यात नवल नाही. म्हणून माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, सूच्या फार झाल्यात, काढायला हव्यात," तेव्हा मी चक्रावलोच.

हा भाचा एका आंबा बागायतदाराचे हिशेब सांभाळतो. कुठल्या बागेच्या किती पेट्या, कोणत्या दलालाकडे, काय भावाने, सारे संगणकाच्या डेटाबेसात. ऐन वैशाखात नोंदी रेंगाळू लागल्या. दारात टेम्पो उभे, आणि हापूस काही नोंदीसाठी पिकायचा थांबत नाही!

"पुस्तक एक आले, तर कार्डे किती लिहायची? लेखकाचे, नावाचे, विषयाचे. इथे एका पेटीमागे अकरा सूच्यांत लिहावे लागते," त्याने समजावले. म्हणजे सूची शोधणाऱ्याचे श्रम वाचवते, ते लिहिणाऱ्याच्या माथी मारून! एडगर कॉड यांनी १९७० साली या रिलेशनल पद्धतीची कल्पना मांडली, तेव्हाच सूच्या आल्या-गेल्या तरी वापरणाऱ्याचे काम अडू नये, असा विचार केला होता. सूची गेली तरी नोंद हरवत नाही. उत्तर तेच येते, फार तर उशिरा.

कोणती सूची किती वेळा उपयोगी पडली, याची मोजदाद यंत्रच ठेवते. पाचांपुढे शून्य होते. मी म्हटले, "टाक काढून!"

"थांबा मामा. ही एक, बिलाचा क्रमांक दोनदा पडू नये म्हणून पहारा करते. ती शोधायला लागत नाही, पण हलवायची नाही. ही दुसरी फक्त मार्चअखेरीला लागते, आणि मोजणी सुरू झाली एप्रिलात."

उरलेल्या तीनही त्याने लगेच काढल्या नाहीत, आधी झाकल्या. ओरॅकलमध्ये २००७ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ पासून ही सोय आहे. झाकलेली सूची लिहिली जाते, म्हणून ओझे तेवढेच राहते. पण शोधताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. कोणाचे काही अडले नाही, तेव्हाच त्या गेल्या. नोंदी पुन्हा भरभर होऊ लागल्या.

वाचकहो, मी निवृत्त माणूस. घरच्या मोजदादीत माझ्या नावापुढे हल्ली बहुधा शून्यच पडत असेल. पण सारी मंडळी लग्नाला निघाली, की घर राखायला कोण, या प्रश्नाला अजून एकच उत्तर येते. मी त्या बिलाच्या सूचीच्या जातीचा!