पाटा एक, वरवंटा नाही

आषाढाच्या ऐन पावसात सुरू झालेला आमचा लेखनवर्ग मार्गशीर्षातल्या एका शनिवारी संपला, आणि हजेरीपटावर शेवटची सही करताना माझ्या ध्यानात आले की, ज्या कथेच्या आशेने मी या वर्गाची फी भरली होती तिचा सहावा खर्डाही अद्याप पिशवीत अपुराच पडून आहे. याचे दुःख झाले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण जितके व्हावयास हवे होते तितके झाले नाही, हेही खरे.

लेखन कोठे शिकवून येते काय, हा प्रश्न पुण्यात अशा वर्गाचे नाव काढताच कोणीतरी विचारतोच, आणि विचारणाऱ्याची समजूत अशी असते की हे खूळ साहेबाकडून आले. वस्तुतः शक्तीच्या जोडीला व्युत्पन्नता आणि काव्य जाणणाऱ्याच्या हाताखालचा अभ्यास हवा, असे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने सांगून ठेवले आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने ११ व्या शतकात ‘कविकण्ठाभरण’ रचले ते होतकरू कवींसाठीच. आणि त्याच्याही आधी, इसवी सन ९०० च्या सुमारास, कनोजच्या दरबारी असलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीच्या शिक्षणापासून दिनचर्येपर्यंत सगळा बंदोबस्त करून ठेवला. याच राजशेखराने निर्माण करणारी प्रतिभा ती कारयित्री आणि निर्मिलेले जाणणारी ती भावयित्री असा भेद केला, आणि जाणणाऱ्यांचेही चार प्रकार सांगितले : काहीच न रुचणारा अरोचकी, गवतासकट सगळे गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि हजारांत एखादा तत्त्वाभिनिवेशी. आमच्या १४ जणांत पहिल्या तिन्ही प्रकारांचा भरणा चांगला होता. मी स्वतः दर शनिवारी एकातून दुसऱ्यात जात असे.

मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आमच्यात होते. उभ्या हयातीत पंचनामे, जबाब आणि अहवाल यांखेरीज काही न लिहिलेल्या या गृहस्थांनी श्रावणात जो पहिला लेख वाचला तो म्हणजे मातोश्रींच्या पश्चात तिघा भावांत झालेल्या वाटणीची जिन्नसवार यादी होती : तांब्याचा हंडा एक, बूड झिजलेले, पाटा एक, वरवंटा नाही, चष्मा एक, कोणाच्याही नंबरास जुळत नाही. ते थांबले, आणि पागोळ्यांखेरीज खोलीत काही ऐकू येईना. अशा वेळी गप्प बसावे हे ज्याला कळत नाही तो मी. “पण रावसाहेब, यात भावना कोठे आहे?” असे मी विचारले, आणि बाकीच्यांनी दुजोरा दिला. वरिष्ठांचा शेरा मानावा तशी त्या भल्या माणसाने आमची सूचना मानली, आणि पुढच्या शनिवारी दुरुस्त मसुदा आणला. त्यात मातृप्रेमाची महती होती, पाणावलेले नेत्र होते. हंडा, पाटा आणि चष्मा मात्र तिन्ही बेपत्ता होते. वर्ग घेणाऱ्या बाईंनी एवढेच विचारले, “त्या चष्म्याचे काय झाले हो?”

शब्द घालावा की काढावा असे मन हेलकावे खाते तोवर काव्य कच्चे, आणि शब्द बदल सोसेनासा झाला की ते पिकले, हे काव्यशास्त्रकार वामनाचे मत मी परीक्षेपुरते कधीकाळी पाठ केले होते. ‘वरवंटा नाही’ याच्या जागी दुसरे काय घालता येईल याचा विचार करीत लक्ष्मी रस्त्याने घरी चालत जाताना ते मला प्रथम कळले. त्या रात्री मी माझ्या कथेचा खर्डा काढून त्यातले पाणावलेले नेत्र मोजले. सात निघाले, म्हणजे जोडीही पुरी नव्हती.

शेवटच्या शनिवारी आभार वगैरे आटोपल्यावर रावसाहेब उठले, आणि त्यांनी ती मूळचीच यादी पुन्हा वाचली. अखेरीस एक कलम मात्र नव्याने दाखल झाले होते : ‘वरवंटा एक, धाकट्याच्या माळ्यावर सापडला, पाट्यास जुळतो.’ कोणी काही बोलले नाही. मीही नाही. खाली जिन्यापाशी शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवीत उभा होता.