जामसांवलीची वाट आणि रिकामी बाटली

नागपूरहून सावनेरमार्गे दीड-दोन तासांत जामसांवली येते. पिंपळाखाली पहुडलेला इथला मारुती प्रसिद्ध. मंगळवार-शनिवारी तुडुंब गर्दी. पूर्वी छिंदवाड्यात असलेला हा भाग 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य हिंदी, बाजारात मराठी. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ओळखीचंच! 'शौचालय' ही पाटी तर मराठी, हिंदी, कन्नड तिन्हींत एकच.

पण पाटी वाचता येऊन भागत नाही. आमच्या सासूबाई प्रवासात पाणीच पीत नाहीत. "वाटेत कुठं जायचं गं?" हा त्यांचा प्रश्न. एप्रिलच्या उन्हात सौंसरच्या अलीकडे त्यांना घेरी आली. झाडाखाली बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. "नीर कुडीरी, अत्ती" म्हणून किती विनवलं!

तेव्हापासून माझी एक पिशवी वेगळीच असते. त्यात एक रिकामी बाटली, कारण नळ असतो पण मग सापडत नाही. कागदी साबण, छोटा टॉवेल, पॅड गुंडाळायला रद्दी, दाराला कडी नसेल तर बांधायला सुतळी. आणि चिल्लर. पैसे देऊन वापरायचं शौचालय 'सुलभ'ने 1974 साली पाटण्यात सुरू केलं, ती सोय मोठीच. पण पुष्कळ ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे काय? मुंबईच्या बायकांनी 2011 पासून याविरुद्ध 'राइट टू पी' चळवळ चालवली.

दर्शनाआधी स्वच्छतागृह कुठे ते प्रसादाच्या दुकानातल्या बाईंना विचारून घ्या. रांगेत शिरल्यावर परत फिरता येत नाही.