चाई

मुलीच्या केसांवर आमच्याकडे घरातल्या प्रत्येक बाईची मालकी असते. तेल कुठले लावायचे, न्हायचे कोणत्या वारी, शेपटा किती लांब होऊ द्यायचा, या सगळ्यांत आईचे मत बहुधा शेवटी विचारले जाते. केस दाट असले तर ते आजीवर गेलेले असतात. विरळ असले तर मात्र आईला प्रश्न येतो, ‘तेल लावत नाहीस वाटतं?’ हा न्याय मला लहानपणापासून ठाऊक होता. तो आपल्याला लागू झाला म्हणजे काय होते, ते २०२३ च्या पावसाळ्यात कळले.

माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. वेणी घालताना तिच्या उजव्या कानामागे रुपयाएवढी मोकळी जागा दिसली. कातडी गुळगुळीत. कोंडा नाही, लाली नाही, खपली नाही. तिथे केस कधी नव्हतेच असे वाटावे. त्या वर्षी श्रावण अधिक होता. तो संपेतो अशा चार जागा झाल्या, आणि गौरी-गणपतीपर्यंत त्या एकमेकींना मिळून अर्धे डोके उघडे पडले. उशीवर केस, ताटात केस, परकराच्या नाडीत केस. मुलीला मात्र दुखत नव्हते की खुपत नव्हते. ती नेहमीसारखी भांडत होती, जेवत होती, झोपत होती.

झोप उडाली ती आमची. साताऱ्याच्या आमच्या घरात कारणांचा शोध सुरू झाला. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. शेजारच्या काकूंचा संशय नळाच्या पाण्यावर होता, जाऊबाईंचा शांपूवर. कुणी कांद्याचा रस चोळा म्हणाले, कुणी जमालगोटा उगाळून लावा म्हणाले. धाकट्या नणंदेने फोनवरून निदानच केले : “वहिनी, तू त्या कादंबरीत बुडालेली असतेस. पोरीच्या डोक्याला तेल कधी लागणार?” माझ्या लिखाणावर आजवर पुष्कळ टीका झाली आहे, जिव्हारी लागली ती ही एवढीच. गंमत म्हणजे तेल मी रोज लावत होते. पण त्या दिवसांत खऱ्याला फारशी किंमत नव्हती. प्रत्येकाला कुणीतरी दोषी हवे होते, आणि मी जवळच उभी होते.

तिच्या शाळेतून निरोप आला : ‘डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत मुलीला घरीच ठेवा.’ मी स्वतः बालवाडीत शिकवते, त्यामुळे या निरोपामागची भीती मला समजत होती. डोक्यातला नायटा खरोखरच एका मुलाचा दुसऱ्याला लागतो. कंगव्यातून, टोपीतून, टॉवेलातून जातो. पण त्यात कातडीवर खवले येतात, केस तुटून खुंट राहतात. इथे तसले काही नव्हते. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि दाखला आणाच म्हणाल्या.

साताऱ्यातल्या औषधाने काही फरक दिसेना, तेव्हा मी रजा काढून माहेरी, सांगलीला गेले. आमच्या भागात दुखणे हाताबाहेर गेले की मिरज गाठायची, ही रीत फार जुनी. वानलेस या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनी १८९४ साली तिथे इस्पितळ घातले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गावच झाले आहे. सांगलीहून ते हाकेच्या अंतरावर. तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या डोक्याला एक भिंग लावले, दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाल्या, “चाई आहे.”

एवढा जुना, घरगुती शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला हायसे वाटले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. डॉक्टरांची भाषा मला दोनदा ऐकावी लागते. बाईंनी ती दोनदा सांगितली. अंगातल्या ज्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, त्याच चुकून केसांच्या मुळांवर चालून जातात. केस गळतो, पण मूळ मरत नाही, म्हणून तो पुन्हा उगवू शकतो. शंभरांतल्या सुमारे दोघांना आयुष्यात कधीतरी हे होते. ते कुणाला लागत नाही. तेलाने होत नाही, पाण्याने होत नाही, शांपूने होत नाही. त्यांनी मलाही भिंगातून बघायला लावले. मोकळ्या जागेच्या कडेला आखूड केस होते, टोकाशी जाड आणि मुळाशी निमुळते. “याला उद्गारचिन्ह म्हणतात,” त्या म्हणाल्या. कादंबरीत मी उद्गारचिन्हे जपून वापरते. मुलीच्या डोक्यावर ती अशी पेरलेली बघून मला त्याही परिस्थितीत हसू आले.

जमालगोट्याचे नाव काढताच मात्र बाई रागावल्या. कातडी भाजून निघते, म्हणाल्या. त्यांनी एक मलम दिले. टोचून द्यायची औषधे आहेत, पण एवढ्या लहान मुलांना ती सोसत नाहीत. त्या पेशींना आवरणाऱ्या गोळ्याही निघाल्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली मोठ्या माणसांसाठी आणि २०२३ मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी त्यांना परवानगी मिळाली. सहा वर्षांच्या मुलीसाठी नाही. “वाट बघायची,” बाई म्हणाल्या. मी विचारले, “पण कशामुळे झालं?” त्या म्हणाल्या, “कुणामुळेच नाही.” हे वाक्य त्यांनी दाखल्यावर लिहून दिले असते तर बरे झाले असते.

पुढे सुश्रुताने या रोगाला ‘इंद्रलुप्त’ म्हटल्याचे वाचनात आले. पित्त आणि वात मिळून केस पाडतात, मग कफ आणि रक्त केसांची छिद्रे बुजवतात, असा त्याचा विचार. नाव मोठे देखणे आहे, आणि त्यातही आईचा कुठे उल्लेख नाही.

परतताना रिक्षात धाकटीने विचारले, मला काय झालंय? मी म्हणाले, तुझ्या अंगात शिपाई आहेत. त्यांनी चुकून केसांनाच चोर समजलंय. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग त्यांना कुणीतरी सांगा ना.”

दोन दिवसांनी तिनेच हट्ट धरला : उरलेले केस काढून टाकू या, मानेवर टोचतात, भातात पडतात. डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. हरकत घेतली ती माझ्या आत्याने. आत्या तेव्हा त्र्याऐंशीची. कृष्णेच्या घाटाजवळच्या त्या घरात ती जन्मली आणि लग्न न करता तिथेच राहिली. एरवी ती नव्या गोष्टींना नाक मुरडणारी नाही. पण ‘केस काढू या’ हे शब्द कानी पडले आणि तिचा चेहरा उतरला. “मुलीचं वपन करायचं नाही या घरात,” एवढेच बोलून ती उठून गेली. दुपारी जेवली नाही.

तिच्या आजीबद्दल मी तुटक तुटक ऐकले होते. पंधराव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली बाई. न्हावी मागच्या दाराने यायचा. मुलांना त्या वेळी माडीवर धाडीत. आत्या तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. म्हणजे ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आसपासची. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांनी या चालीविरुद्ध लेखणी झिजवली. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचे नाकारले. आणि तरीही सांगलीतल्या एका घराच्या मागच्या दाराने न्हावी त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे येतच होता. आमच्या पोरीच्या उघड्या डोक्याकडे बघून बायका चटकन नजर का वळवतात, हे मला त्या दुपारी थोडेफार उमगले. त्या आजाराला भीत नव्हत्या.

गल्लीतल्या सलूनवाल्याला घरी बोलावले, पुढच्या दाराने. त्याने डोके बघितले आणि विचारायच्या आधीच म्हणाला, “ताई, चाई आहे. पुरुषांच्या दाढीत आम्ही नेहमी बघतो. लागत नाही कुणाला.” पंधरा मिनिटांत काम झाले. धाकटीने आरशात पाहिले, कान मोठे दिसतात म्हणाली आणि खेळायला पळाली. संध्याकाळी ती आत्याच्या पलंगावर जाऊन बसली आणि डोके पुढे केले. “आजी, बघ ना टोचतं का.” आत्याने बराच वेळ हात उचललाच नाही. मग तळवा टेकवला, आणि तो तसाच ठेवून मला म्हणाली, “माझ्या आजीच्या डोक्याला मी कधी हात लावला नव्हता गं. कुणीच लावत नसे.”

रात्री ती दोन घास जास्त जेवली.

दाखला दिल्यावर शाळेने मुलीला घेतले. पहिले आठ दिवस टोपी होती. मग एक मुलगा टोपी घेऊन पळाला, आणि त्यानंतर तिची गरज उरली नाही. ‘चाई आहे, लागत नाही’ ही चार अक्षरी-पाच अक्षरी शब्दांची ढाल तिने न्हाव्याकडून उचलली होती. माझ्या शिपायांच्या गोष्टीपेक्षा ती जास्त उपयोगी पडली. फेब्रुवारीत डोक्यावर पांढरी लव आली. सासूबाई घाबरल्या, पण आधी पांढरेच येतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवले होते. जूनपर्यंत ते काळे झाले. कानामागची पहिली जागा तेवढी हटून बसली.

मग २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याची बातमी आली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड अशा गावांत दोन-तीन दिवसांत माणसांचे केस हातात येऊ लागले होते. आकडा पावणेतीनशेच्या वर गेला. आधी पाण्यावर संशय आला, मग बुरशीवर. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. हा आजार निराळा, आमच्या चाईशी त्याचे नाते नाही. मुले शाळेत जायला लाजतात, हे वाचून पोटात तुटले. पण खरे सांगायचे तर मला त्या गावांचा क्षणभर हेवाही वाटला. त्यांच्याकडे बोट दाखवायला गहू तरी होता. आणि गावच्या गाव टकले झाल्यावर ‘आईने तेल लावले नाही’ असे कुणाला म्हणता येते?

धाकटी आता आठ वर्षांची आहे. यंदा नवरात्रात टाळूच्या डाव्या बाजूला पुन्हा रुपयाएवढी जागा झाली. ती तिने स्वतःच आरशात शोधली आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितले, “आई, शिपाई परत आलेत.” पुन्हा होऊ शकते, हे आम्हांला सांगितलेले होतेच. सासूबाई भाजी निवडत होत्या. मीठ-मोहऱ्यांचा डबा त्यांच्या हाताशीच होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती जागा जवळून पाहिली, आणि मला विचारले, “मलम आहे की संपलं? मी राजवाड्याकडे चाललेच आहे, येताना घेऊन येते.”