कान कुठं आहेत ते पाहा

मोहर्ली गेटमधून सकाळी आत शिरलेल्या जिप्सीत, चितळासाठी गाडी थांबवा म्हणायला धीर लागतो. शेजारची माणसं वाघासाठी लांबून आलेली असतात आणि चितळं तर गेटपासूनच दोन्ही अंगांना चरत असतात. मी चंद्रपूरचाच. त्यामुळे मला ताडोबाच्या बफरमध्ये, जुनोना किंवा आगरझरीच्या बाजूला, गर्दी नसलेला दिवस गाठून जाता येतं. ड्रायव्हर ओळखीचा, गाइडताई ओळखीच्या. वाघ दिसला तर डोळे भरून बघतो, पण कॅमेरा हरणांसाठी असतो. चितळ, सांबर, आणि नशीब असेल तर आमच्याकडे ज्याला भेडकी म्हणतात ते भेकर. या जंगलात वाघ आहे तो हरणांच्या जिवावर आहे, आणि तरी त्यांच्याकडे नीट बघणारी माणसं थोडी. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

माझे फोटो बघून त्यावर मनापासून बोलणारी दोन माणसं मला मिळाली. पहिले काका. चंद्रपुरात त्यांचा स्टुडिओ होता. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायच्या काळात त्यांनी जंगल पाहिलेलं. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते फोटो बघतच नाहीत. प्रिंट आणा म्हणतात. प्रिंट टेबलावर ठेवायची, ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडायची, आणि मग ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढायचे. ते एकमेकांवर धरले की मधे चौकट तयार होते. ही चौकट ते फोटोवरून सावकाश सरकवतात. डावीकडून थोडं झाकतात, वरचं आभाळ झाकतात, पुन्हा मोकळं करतात. तोंडानं काही बोलत नाहीत. एका जागी हात थांबला की आपण बघायचं.

एकदा पूर्ण वाढलेल्या, ताठ शिंगांच्या चितळ नराचा फोटो त्यांच्यापुढे होता. उन्हाळ्यातली सकाळ, ऊन चांगलंच वर आलेलं. काकांनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे ठिपके नाहीत, भोकं आहेत. यात केस कुठं दिसतात?" मग त्यांनी समजावलं. मागं बांबूची गर्द सावली असली की कॅमेरा त्या काळोखाला भुलून उजेड वाढवतो आणि चितळाचे पांढरे ठिपके, गळा, पोट जळून जातं. तिथं उजेड आपण हातानं कमी करायचा. सांबराचंही तसंच. तो मुळात मातकट काळपट प्राणी, कॅमेरा त्याला उजळ करून राखाडी करून टाकतो. "सांबर काळोखाचा प्राणी आहे, त्याला काळोखात राहू दे," हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. नुसतं 'छान' किंवा 'जमलं नाही' असं ते कधीच म्हणत नाहीत. कुठं, का, आणि पुढच्या वेळी काय, ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांच्या घरातून उठायचं नसतं.

दुसऱ्या गाइडताई. बफरमधल्याच एका गावच्या. काकांना आवडलेला एक फोटो मी त्यांना दाखवला. चितळाचा नर, मान वर, नजर थेट कॅमेऱ्यात, डोळ्यात उजेडाचा ठिपका. लोक असा फोटो भिंतीवर लावतात. ताईंनी प्रिंट हातात घेतली, जवळ नेली आणि परत दिली.

"सर, हे तुम्हाले भेऊन रायलं न जी. त्याचे कान पाहा. एक तुमच्याकडं हाय, एक मांगं. मांगं काय होतं, ते फोटोत कुठी दिसते?"

मी त्या कानांकडे तोवर कान म्हणून पाहिलंच नव्हतं. चितळाचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. निवांत चरत असताना ते सैल असतात, माश्या हाकलतात, शेपटीही सैल हलते. संशय आला की मान ताठ होते, कान एका दिशेला लागतात, पुढचा एक पाय उचलून खूर जमिनीवर आपटला जातो, आणि शेपटी वर जाऊन खालचा पांढरा भाग दिसला की धोक्याची हाक ठरलेली. ताईंना हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मार्च-एप्रिलात मोह पडू लागला की गावातल्या बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलाकडे निघतात. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असं इथले जाणते सांगतात.

ताई म्हणाल्या, "मोहाले आम्ही जातो तं चितळं आधीच झाडाखाली येऊन रायते. तेयचे कान ढिले असले का आम्ही बी वाकतो. कान उभे झाले का साऱ्या बाया एका जागी."

जिवाच्या भीतीनं आलेलं हे ज्ञान त्यांनी माझ्या फोटोवर खर्च केलं, याची किंमत मी कशानं करणार? त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. गाडी बंद करायची, लांबच थांबायचं आणि पहिला बराच वेळ कॅमेरा मांडीवर ठेवायचा. कळप आधी आपल्याकडे बघतो. मग एखादी वयस्क मादी मान खाली घालते, तिच्यामागून बाकीचे. पाडसं सगळ्यात शेवटी. नजर कॅमेऱ्यात नसलेले फोटो तेव्हापासून मला मिळू लागले. झाडावर वानरं असतील तर आणखी बरं. ती निम्मं खातात, निम्मं खाली टाकतात आणि चितळं ते वेचत हिंडतात. वरून वानराचा आणि खालून चितळाचा कॉल एकदम आला तर ड्रायव्हर जागेवर ताठ होतो. सांबराचा कॉल आला तर मात्र कोणी बोलत नाही. इथले गाइड चितळापेक्षा सांबराच्या हाकेवर जास्त भरवसा ठेवतात.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून जॉर्ज शॅलर यांचं 'द डिअर अँड द टायगर' काढून दिलं. १९६७ साली आलेलं हे पुस्तक शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलावर आहे. नावात हरीण आधी आणि वाघ नंतर, हे मला फार आवडलं.

गडचिरोलीत गोष्ट वेगळी. आष्टीजवळचं चपराळा अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं. वर्धा आणि वैनगंगा जिथं मिळून प्राणहिता होतात, त्या संगमाला लागूनच हे जंगल आहे. तिथं मला भेटलेली चितळं इंजिनाचा आवाज ऐकताच सागाच्या राईत नाहीशी होत. ताडोबाच्या चितळाला जिप्सीची सवय झालेली आहे. इथलं हरीण माणसाला माणूस म्हणूनच ओळखतं. लांबून, पानांच्या आडून मिळालेला एक पाठमोरा फोटो मी काकांना दाखवला. मला तो अगदी साधा वाटत होता. त्यांनी चौकट न लावता तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हा चपराळ्याचा आहे हे न सांगता कळतं. ठेव."

पुढे भामरागडच्या वाटेवर हेमलकशाला थांबलो. लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्यप्राण्यांसाठी उभं केलेलं गोकुळ आहे. शिकारीत आई मेलेली पिल्लं माडिया लोकांकडून मागून घेण्यापासून ते सुरू झालं. तिथल्या चितळाचा माझा फोटो प्रकाशानं, रंगानं, सगळ्याच अंगानं उजवा होता. काकांनी एकच अट घातली. खाली हेमलकसा लिहायचं, 'रानातलं चितळ' म्हणायचं नाही. ती अट मी सगळ्यांना सांगतो.

अलीकडे दोघांचं एका फोटोवरून पटलं नाही. मोहाखाली दोन माद्या, आणि एकीच्या पाठीवरून आडवी गेलेली फांदी. काकांच्या मते फांदीनं फोटो कापला. ताई म्हणाल्या, "फांदी काढली तं चितळ तिथं काऊन आलं, कसं समजन?" मी ताईंच्या बाजूनं उभा राहिलो आणि फांदीसकट मोठी प्रिंट काढली. काकांनी ती बराच वेळ पाहिली, पुठ्ठा खालच्या कडेला धरला आणि विचारलं, "मोह आहे ना? मग खाली पडलेली फुलं कुठं आहेत?"

फुलं गवतात होती. जिप्सीच्या सीटवरून, इतक्या उंचावरून, ती दिसत नव्हती. आता ड्रायव्हरशी बोलून ठेवलं आहे. पुढच्या मोहाला मधली सीट काढायची, मी गाडीच्या तळाशी बसणार, आणि तांदळाची पिशवी दाराच्या कडेवर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवणार. गाडी कुठल्या झाडापाशी लावायची ते ताई सांगतील.